शुश्रूषेचे वेतन : न्यूझीलंडमधील एका लढ्याचा इतिहास

काही वर्षांपूर्वी आम्ही ज्या धर्मग्रामात होतो, तेथे निराधार वृद्धांसाठी एक छोटेसे निवासगृह होते. पंधरा-वीस वृद्ध, त्यांपैकी निम्मे अंथरुणाला खिळलेले. दिवसा दोघी आणि रात्री एक अशा तीन मावशी त्यांची देखभाल करीत. अंग पुसणे, कूस बदलणे, घास भरविणे, मलमूत्र काढणे, मध्यरात्री घाबरून उठलेल्या म्हातारीचा हात धरून बसणे, ही त्यांची नित्याची कामे. वेदीवरून त्यांचा उल्लेख करताना आम्ही ‘सेवेच्या मूर्ती’ असे शब्द वापरीत असू. एकदा वार्षिक हिशेब तपासताना धर्मग्रामाच्या सणाच्या रोषणाईचे बिल आणि रात्रीच्या मावशीच्या पगाराची नोंद एकाच पानावर आली. रोषणाईचे बिल तिच्या चार महिन्यांच्या पगाराहून अधिक होते. दोन्ही नोंदींखाली सही आमचीच होती.

अर्थसमितीपुढे आम्ही हा विषय काढला तेव्हा तीन उत्तरे मिळाली. पहिले : हे काम कोणत्याही बाईला जमते, त्याला शिक्षण लागत नाही. दुसरे : हे पुण्यकर्म आहे, त्याचा पैशांत हिशेब करणे बरे दिसत नाही. तिसरे : पगार वाढवायचा तर पैसा आणायचा कोठून? ही उत्तरे देणारी माणसे कठोर मनाची नव्हती. त्यांतली दोन उत्तरे तर त्यापूर्वी आम्ही स्वतःच इतरांना दिलेली होती.

त्याच सुमारास, म्हणजे २०१७ सालच्या पावसाळ्यात, धर्मग्रामातील एका गृहस्थांनी बोलण्याच्या ओघात सांगितले की, न्यूझीलंडमध्ये वृद्धाश्रमात काम करणाऱ्या त्यांच्या भाचीचा पगार एका दिवसात २७ टक्क्यांनी वाढला. आणि तो मालकाच्या मर्जीने नव्हे, तर संसदेच्या कायद्याने वाढला. हे कसे घडले याचे कुतूहल वाटून आम्ही त्या देशाचा इतिहास वाचू लागलो. तेथे आम्हांला आमच्या अर्थसमितीची तिन्ही उत्तरे जशीच्या तशी भेटली. म्हणून तो इतिहास येथे वाचकांपुढे ठेवावासा वाटतो.

न्यूझीलंडची लोकसंख्या मुंबई शहराच्या निम्म्याहूनही कमी. परंतु सामाजिक कायद्यांच्या बाबतीत हा देश जगाच्या पुढे चालला. १८९३ साली त्याने स्त्रियांना संसदेच्या निवडणुकीत मतदानाचा हक्क दिला. १८९४ साली मजूर व मालक यांचे तंटे लवादाकडे सोपविणारा कायदा केला. १८९८ साली गरजू वृद्धांसाठी पेन्शन सुरू केले. तथापि पेन्शनने पोट भरते, कूस बदलता येत नाही. अंथरुणाला खिळलेल्यांची शुश्रूषा घरातील स्त्रियांवर, आणि घर नसेल तर धर्मादायावर सोपविलेली राहिली.

या धर्मादायाच्या इतिहासात सुझान ओबेर यांचे नाव अग्रभागी आहे. १८६० साली बिशप पोंपालिए यांच्याबरोबर ही फ्रेंच तरुणी न्यूझीलंडला आली. व्हांगानुई नदीकाठच्या जेरुसलेम या माओरी वस्तीत १८९२ साली त्यांनी एका धर्मभगिनी-संघाची स्थापना केली. १८९९ साली त्या वेलिंग्टनला आल्या, आणि १९०७ साली त्याच शहराच्या आयलंड बे या भागात त्यांचे करुणासदन उभे राहिले. ज्यांना कोणी घेत नसे अशी अपंग मुले, टाकून दिलेली अर्भके, असाध्य रोगांनी जर्जर झालेली माणसे तेथे आश्रय घेत. १९२६ साली मदर ओबेर निवर्तल्या तेव्हा त्यांच्या अंत्ययात्रेला वेलिंग्टनचे रस्ते माणसांनी भरून गेले होते. २०१६ साली पोप फ्रान्सिस यांनी त्यांना ‘वंदनीय’ म्हणून घोषित केले.

या भगिनींनी आपल्या श्रमांचे वेतन घेतले नाही; तो त्यांच्या व्रताचा भाग होता. त्या व्रतापुढे आम्ही आजही नतमस्तक आहोत. परंतु एक भेद ध्यानात घ्यावयास हवा. व्रतस्थ भगिनीच्या डोक्यावर संघाचे छप्पर असते, ताटात संघाचे अन्न असते, आणि ती स्वतः म्हातारी झाली की तिच्या उशाशी बसणाऱ्या सहभगिनी असतात. जिने असे व्रत घेतलेले नाही, जिला घरभाडे भरायचे असते आणि मुलांना शाळेत पाठवायचे असते, तिच्याकडूनही समाजाने तोच त्याग गृहीत धरला. भगिनींनी जे स्वेच्छेने दिले, ते इतर स्त्रियांकडून न विचारता घेतले गेले. दुसऱ्या उत्तराचे मूळ आम्हांला येथे सापडले.

पहिल्या उत्तराचे मूळ कायद्यात होते. कामगाराला आपल्या कुटुंबाचा निर्वाह होईल इतके वेतन मिळाले पाहिजे, हे पोप लिओ तेरावे यांनी १८९१ साली ‘रेरुम नोव्हारुम’ या परिपत्रकात ठामपणे सांगितले. त्या काळी हा मोठा क्रांतिकारक विचार होता. परंतु त्यातील कामगार म्हणजे पुरुष, आणि कुटुंब म्हणजे त्याची बायको-मुले, असेच चित्र सर्वांच्या मनात होते. न्यूझीलंडने १९३६ साली हेच चित्र कायद्यात आणले. पत्नी व तीन मुले यांचे पोषण करू शकेल असा मूळ वेतनाचा दर पुरुषासाठी ठरविण्याचे काम लवाद न्यायालयाकडे देण्यात आले; स्त्रीचा दर मात्र त्याच्या जवळपास निम्मा धरण्यात आला. १९४५ सालच्या किमान वेतन कायद्यानेही स्त्री व पुरुष यांचे दर वेगवेगळे ठेवले. स्त्रीची कमाई ही वरखर्चाची कमाई, ही समजूत अशा रीतीने राज्याच्या दप्तरात नोंदविली गेली. मग जे काम मुख्यतः स्त्रियाच करतात, ते काम आपोआप स्वस्त ठरले.

पुढे ही समजूत ढासळू लागली. १९६० साली सरकारी नोकरीत आणि १९७२ साली खासगी नोकरीत समान वेतनाचा कायदा झाला. एकाच यंत्रावर काम करणाऱ्या स्त्री-पुरुषांना एकच दर मिळू लागला. पण ज्या कामात पुरुष जवळपास नाहीतच, त्या कामातील स्त्रीची बरोबरी कोणाशी करायची? १९८६ साली लिपिकांच्या संघटनेने हा प्रश्न लवाद न्यायालयापुढे नेला. परंतु न्यायालयाने तो विचारात घेतला नाही. १९९० साली त्यासाठी वेगळा कायदा झाला, आणि त्याच वर्षी निवडून आलेल्या नव्या सरकारने तो काही महिन्यांतच रद्द केला. १९९१ साली सामुदायिक वेतननिवाड्यांची जुनी पद्धतच मोडीत निघाली; प्रत्येकाने आपापला करार करावा, असा नियम झाला. एकट्या-दुकट्या आयाबाईला मालकाशी घासाघीस करणे कसे जमावे? तिचा दर कायद्याने ठरविलेल्या किमान दराच्या आसपासच रेंगाळत राहिला.

याच काळात त्या देशाच्या एका माजी खासदार, मॅरिलिन वेअरिंग यांनी १९८८ साली एक ग्रंथ लिहून राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबावरच बोट ठेवले. घरात स्त्री जे रांधते, भरविते, जोपासते, ते या हिशेबात शून्य धरले जाते, हे त्यांनी दाखवून दिले. घरात जे शून्य, ते बाजारात आले तरी शून्याच्या जवळपासच राहणार, हे ओघाने आलेच.

पहिला बांध फुटला तो अपंगांच्या देखभालीच्या क्षेत्रात. बौद्धिक अपंगत्व असलेल्या माणसांना मोठमोठ्या संस्थांत ठेवण्याची जुनी रीत विसाव्या शतकाच्या अखेरीस मागे पडली. लेव्हिन गावचे किंबर्ली केंद्र २००६ साली बंद झाले. अशी माणसे चार-पाच जणांच्या गटाने वस्तीतील साध्या घरांत राहू लागली. त्यांच्यासोबत रात्री एक मदतनीस झोपत असे. फिलिप डिक्सन हे असेच एक मदतनीस. अख्ख्या रात्रीसाठी त्यांना ३४ डॉलर मिळत. मालक म्हणे, हा मनुष्य झोपलेला असतो. झोपेचा पगार कसला? डिक्सन म्हणाले, मला घर सोडून जाता येत नाही, कोणाला सोबतीला बोलावता येत नाही, कोणी ओरडले की उठावे लागते. मग हे काम नव्हे तर काय? २००९ साली रोजगार न्यायालयाने आणि २०११ साली अपील न्यायालयाने त्यांचे म्हणणे मान्य केले. रात्रीचा प्रत्येक तास हा कामाचा तास होय, आणि प्रत्येक तासाला किमान वेतन मिळाले पाहिजे, असा निर्णय झाला. संस्थांवर एवढा भार एकदम पडू नये म्हणून सरकारने मध्ये पडून २०११ सालीच खास कायदा केला व टप्प्याटप्प्याने दर वाढविले. हा निर्णय वाचताना आमच्या डोळ्यांपुढे सतत आमची रात्रीची मावशी येत होती.

पाठोपाठ २०१२ साली मानवी हक्क आयोगाचा अहवाल आला. आयुक्त ज्युडी मॅकग्रेगर यांनी केवळ कागद तपासले नाहीत. आपली ओळख लपवून त्या एका वृद्धाश्रमात आया म्हणून राबल्या. एका माणसाला उठवून स्नान घालणे, त्याची लाज राखणे, स्मृती हरवलेल्याची समजूत काढणे, आणि हे सारे घड्याळाच्या काट्याबरोबर उरकणे म्हणजे काय, ते त्यांनी अंगावर घेऊन पाहिले. ही एक प्रकारची आधुनिक गुलामगिरी आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता. ‘कोणत्याही बाईला जमते’ या उत्तराला याहून नेमका जबाब आमच्या वाचनात नाही.

आणि मग क्रिस्टीन बार्टलेट पुढे आल्या. वेलिंग्टनजवळच्या लोअर हट या शहरात त्या सुमारे वीस वर्षे वृद्धाश्रमात आया होत्या. त्यांना तासाला १४ डॉलर ४६ सेंट मिळत. २०१३ साली त्या देशातील कोणत्याही कामाचा किमान दर १३ डॉलर ७५ सेंट होता. म्हणजे वीस वर्षांच्या अनुभवाची किंमत तासाला एक डॉलरसुद्धा नव्हती. आपल्या कामगार संघटनेच्या साह्याने त्यांनी १९७२ सालच्या समान वेतन कायद्याखाली २०१२ साली दावा लावला. टेरानोव्हा या त्यांच्या मालक कंपनीकडे १०६ स्त्रिया आणि अवघे चार पुरुष हे काम करीत होते. कंपनीचे म्हणणे असे की, चौघा पुरुषांनाही आम्ही तोच दर देतो. मग भेदभाव कोठे आहे?

न्यायालयापुढचा प्रश्न मूलभूत होता. बायकांचे काम म्हणून एखादे काम स्वस्त ठरले असेल, तर त्यात शिरलेल्या चार पुरुषांनाही तोच स्वस्त दर मिळणार. त्या चौघांकडे बोट दाखवून न्याय झाला असे म्हणता येईल काय? रोजगार न्यायालयाने २०१३ साली आणि अपील न्यायालयाने २०१४ साली ‘नाही’ असे उत्तर दिले. तेवढेच कौशल्य, तेवढीच जबाबदारी आणि तेवढेच श्रम लागणारे काम मुख्यतः पुरुष करीत असते, तर त्याला काय दर मिळाला असता, हे पाहावे. त्यासाठी वृद्धाश्रमाच्या भिंतीबाहेरच्या व्यवसायांशीही तुलना करता येईल, असे न्यायालयांनी ठरविले. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या डिसेंबरात या टप्प्यावर हस्तक्षेप करण्यास नकार दिला.

आता तिसरे उत्तर पुढे आले : पैसा कोठून आणायचा? वृद्धाश्रमांचे चालक अगदीच खोटे बोलत नव्हते. त्यांच्या उत्पन्नाचा मोठा भाग सरकारी अनुदानाचा, आणि अनुदानाचा दर सरकारने बांधून दिलेला. म्हणजे आयाबाईला कमी पगार देणारा खरा मालक शेवटी राज्य, आणि राज्याच्या मागे करदाता, हे उघड झाले. सरकार वाटाघाटींना बसले. १८ एप्रिल २०१७ रोजी पंतप्रधान बिल इंग्लिश यांच्या सरकारने तडजोड जाहीर केली : पाच वर्षांत २ अब्ज ४ कोटी ८० लाख डॉलर, वृद्ध व अपंग यांची देखभाल करणाऱ्या ५५,००० कामगारांसाठी. संसदेने त्याचा कायदा केला आणि १ जुलै २०१७ पासून ताशी दर १९ ते २३.५० डॉलर झाले. जी स्त्री १५.७५ डॉलर या किमान दरावर होती आणि जिला तीन वर्षांचा अनुभव होता, तिला २० डॉलर मिळू लागले. आमच्या धर्मग्रामातील त्या गृहस्थांची भाची यांपैकीच एक. बार्टलेट यांचा दर २३.५० झाला, आणि २०१८ साली देशाने त्यांना ‘वर्षातील श्रेष्ठ न्यूझीलंडकर’ हा सन्मान दिला.

ही कहाणी येथेच संपविली असती तर ती बोधकथा झाली असती. परंतु इतिहासाला बोधकथेची सोय नसते. दर वाढताच काही ठिकाणी चालकांनी तास कमी केले, आणि तेवढ्याच बायकांवर अधिक कामे टाकली. देशातील इतरांचा किमान दर वाढत गेला, आणि २०२५ च्या एप्रिलमध्ये तो २३.५० डॉलर झाला. म्हणजे २०१७ साली अनुभवी व प्रशिक्षित आयाबाईला मिळालेला सर्वोच्च दर आठ वर्षांनी कोणत्याही कामाचा सर्वांत खालचा दर ठरला. मधल्या काळात देखभाल करणाऱ्यांचे दर काहीसे वाढले होते, पण २०१७ साली मिळविलेले अंतर झिजत चालले होते. म्हणून त्यांच्या संघटनांनी नवे दावे लावले. तेव्हा २०२५ च्या मे महिन्यात सरकारने तातडीची प्रक्रिया वापरून समान वेतनाचा कायदाच बदलला आणि प्रलंबित असलेले ३३ दावे एका फटक्यात रद्द केले. देखभाल कामगारांचे दावे त्यांतच गेले. तुलना फार दूरच्या व्यवसायांशी होऊ लागली आहे, असे सरकारचे म्हणणे होते. यातून चार वर्षांत १२.८ अब्ज डॉलर वाचतील, असा हिशेब त्या वर्षीच्या अर्थसंकल्पात मांडण्यात आला. याविरुद्ध वेगवेगळ्या पक्षांच्या माजी महिला खासदार एकत्र आल्या, आणि सरकारने न घेतलेली जनसुनावणी त्यांनी स्वतः घेतली. त्यांच्या पुढाकारात मॅरिलिन वेअरिंग होत्या. १९८८ साली त्यांनी ज्या शून्यावर बोट ठेवले होते, त्यावर ३७ वर्षांनी त्यांना पुन्हा बोट ठेवावे लागले.

या इतिहासातून आम्ही काय घेतले, ते सांगणे आमचे कर्तव्य आहे. शुश्रूषेचे वेतन कमी असणे हा निसर्गाचा नियम नाही, आणि बाजाराचा निःपक्षपाती कौलही नाही. ते माणसांनी ठरविले, कायद्यात लिहिले आणि सवयीने टिकविले. जे माणसांनी लिहिले ते माणसांना खोडता येते. आणि जे एकदा खोडले ते डोळा चुकताच पुन्हा लिहिलेही जाते. दुसरे असे की, गौरव हा वेतनाचा पर्याय नव्हे. क्रिस्टीन बार्टलेट यांच्या कामाची प्रशंसा वीस वर्षे होतच असणार; घरभाडे मात्र प्रशंसेने भरता येत नाही.

वसईपासून गोव्यापर्यंत आपल्या किनाऱ्यावरील कित्येक घरांतील मुली-सुना आज परदेशी वृद्धांची देखभाल करीत आहेत. त्यांना रास्त दर मिळावा, रात्रीचे तास मोजले जावेत, असे आपल्याला मनापासून वाटते. तेच आपल्या घरी ब्यूरोमार्फत आलेल्या आयाबाईबद्दल वाटते काय? ती बारा तासांची की चोवीस तासांची, ब्यूरो तिच्याकडून किती कापून घेतो, रात्री तीनदा उठते तेव्हा ते काम धरले जाते की झोप, हे आपण विचारले आहे काय? महाराष्ट्राने २००८ साली घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा केला. परंतु वेतनाचा दर ठरविणे हे त्या कायद्याचे काम नव्हे. तो दर आज बहुधा आपल्या स्वयंपाकघराच्या दारात उभे राहूनच ठरतो. संत याकोब यांनी आपल्या पत्रात अडवून ठेवलेली मजुरी ओरडत असल्याचे सांगितले आहे. ते शेतमजुरांविषयी असले, तरी रात्रीच्या मावशीला त्यातून वगळण्याचे कारण आम्हांला दिसत नाही.

आमच्या निवासगृहाचे पुढे काय झाले, असे वाचक विचारतील. पुढच्या सणाला रोषणाई निम्म्यावर आणली, आणि मावशींचे पगार वाढविले. थोडी कुरबुर झाली, पण सण नेहमीसारखाच पार पडला. त्या वेळी आम्हांला समाधान वाटले होते. आज मागे वळून पाहताना एक उणीव जाणवते. पगार किती वाढवावा, हे आम्ही आणि अर्थसमितीने बसून ठरविले. तुमचे घर कितीत चालते, रात्री किती वेळा उठावे लागते, हे त्या तिघींना आम्ही विचारले नव्हते. न्यूझीलंडमध्ये सारे बदलले ते एका आयाबाईने स्वतः उठून हिशेब मांडल्यावर. आमच्या येथे हिशेबाची वही शेवटपर्यंत आमच्याच हातात राहिली.